ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२, मुंबई – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, शिक्षिका, संपादिका व बालसाहित्यकार होत्या. भावनगर, मुंबई, बोर्डी व कोसबाद अशा चार ठिकाणी त्यांनी सुमारे पन्नास वर्षे बालशिक्षणाचे काम केले. त्यांपैकी शेवटची अठ्ठावीस वर्षे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) डहाणू तालुक्यात गेली. बालशिक्षण ग्रामीण व आदिवासी मुलांच्या दारापर्यंत नेणारी अंगणवाडीची कल्पना त्यांच्या व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या प्रयोगांतून आकाराला आली. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

ताराबाईंचे चरित्र बहुधा संस्थांच्या स्थापनेच्या सनावळीतून सांगितले जाते. परंतु मानाची नोकरी सोडून कमी मिळकतीचे, अधिक कष्टाचे व अनिश्चित काम पत्करणारी आणि त्यात वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत टिकून राहणारी व्यावसायिक स्त्री म्हणूनही त्यांचे आयुष्य पाहण्याजोगे आहे. शिक्षक, परिचारिका, वैद्य, मनोविकारतज्ज्ञ अशा माणसांशी माणूस म्हणून संबंध येणाऱ्या व्यवसायांत कामाचा ताण आणि कामातील समाधान यांचे नाते कसे असते, याचे ते एक बोलके उदाहरण ठरते.

प्रारंभिक जीवन

ताराबाईंचे वडील सदाशिवराव व आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी वर्तुळातले होते. मुलींनी शिकावे, याविषयी त्या घरात दुमत नव्हते. ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवली. त्या काळी पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले आणि एका लहान मुलीसह स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा प्रश्न ताराबाईंपुढे आला. सुधारणावादी घरात वाढलेल्या स्त्रीलाही तेव्हा अशा निर्णयाची सामाजिक किंमत मोजावी लागे. हौस किंवा समाजसेवेची आवड म्हणून नव्हे, तर चरितार्थाची गरज म्हणून त्या नोकरीत शिरल्या, ही गोष्ट त्यांच्या पुढील निर्णयांचे वजन समजण्यासाठी ध्यानात ठेवावी लागते.

राजकोटचे पद आणि त्याचा त्याग

राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी ताराबाईंची नेमणूक झाली. काठेवाडातील मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था होती. ठरलेला पगार, राहण्याची सोय, पदाचा मान, हाताखाली शिक्षकवर्ग असे सर्व काही तेथे होते. एकट्या स्त्रीला त्याहून अधिक सुरक्षित जागा त्या काळी क्वचितच मिळाली असती.

याच काळात आपल्या मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने लहान मुलांना कसे शिकवावे, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. रूढ शाळांतील छडी, पाठांतर व धाक या गोष्टी त्यांना पटत नव्हत्या आणि त्याच पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षिका घडवण्याचे काम मात्र पदामुळे त्यांच्याकडे होते. मन ज्याला मान्यता देत नाही ते काम रोज सचोटीने करावे लागणे, हा नोकरीतील ताणाचा एक सूक्ष्म प्रकार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, कारण पगार वेळेवर होत असतो आणि वरिष्ठांची तक्रार नसते.

राजकोटहून फार दूर नसलेल्या भावनगरला दक्षिणामूर्ती ही संस्था होती. १९१० मध्ये नानाभाई भट्ट यांनी ती स्थापन केली होती. १९१६ मध्ये गिजुभाई बधेका आपली वकिली सोडून तेथे आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. गिजुभाईंनाही आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या चिंतेतूनच बालशिक्षणाची वाट सापडली होती. मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. माँटेसोरी या मूळच्या डॉक्टर. रोम विद्यापीठाच्या मनोरुग्णचिकित्सा विभागात सहायक असताना तेथील मतिमंद ठरवलेल्या मुलांकडे त्यांचे लक्ष गेले आणि त्या मुलांच्या निरीक्षणातून त्यांची शिक्षणपद्धती जन्मली. १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. अशा रीतीने एक डॉक्टर, एक वकील आणि एक प्राचार्या, तिघेही आपापला प्रतिष्ठित व्यवसाय बाजूला सारून अडीच ते सहा वर्षांच्या मुलांकडे वळले, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९२३ मध्ये ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

भावनगर

भावनगरच्या सुमारे नऊ वर्षांत ताराबाई खऱ्या अर्थाने घडल्या. प्राचार्या म्हणून काम केलेल्या व्यक्तीने तेथे पुन्हा शिकाऊ होऊन मुलांमध्ये बसायचे, त्यांना काही न सांगता नुसते पाहायचे, पाहिलेले टिपून ठेवायचे आणि त्यावर सहकाऱ्यांशी बोलायचे, असा क्रम होता. गुजराती ही त्यांच्या लेखणीची दुसरी भाषा झाली. गिजुभाईंच्या साथीने त्यांनी बालशिक्षणावर व मुलांसाठी विपुल लेखन केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पालकांसाठी व शिक्षकांसाठी चालवलेल्या ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकाची मराठी आवृत्ती पुढे १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली. मुलांना मारू नये, भिववू नये, लाचही देऊ नये, ही आज सर्वमान्य वाटणारी गोष्ट त्या वेळी पुनःपुन्हा, अनेक अंगांनी, न कंटाळता सांगावी लागत होती. मराठी पालकांच्या एका पिढीच्या विचारांना या पत्रिकेने वळण दिले.

मुंबई

१९३० च्या दशकाच्या आरंभी ताराबाई भावनगर सोडून महाराष्ट्रात परतल्या. १९३६ मध्ये मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालमंदिराला जोडून शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचेही काम होते. दादर-माटुंग्याच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने शिशुविहाराचे स्वागत केले. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि नूतन बालशिक्षण संघाचा भार मुख्यतः ताराबाईंवर आला. त्याच वर्षी स्वतः माँटेसोरी भारतात आल्या व महायुद्धामुळे काही वर्षे येथेच राहिल्या. त्यांच्या वास्तव्यामुळे शहरांत या पद्धतीचा बोलबाला झाला.

शिशुविहाराचा जम बसला असतानाच ताराबाईंना आपल्या कामातील उणीव जाणवू लागली. माँटेसोरींची लाकडी व धातूची साधने महाग होती आणि ज्यांच्या घरी आधीच पुस्तके व खेळणी होती अशाच मुलांच्या वाट्याला ती येत होती. गांधीजींच्या नई तालीमच्या विचारातही खेड्यातील लहान मुलांसाठी स्वस्त व स्थानिक साधनांवर आधारलेल्या शिक्षणाची अपेक्षा होती आणि या विषयावर ताराबाईंची त्यांच्याशी चर्चा झाली होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे बहुतेक नोकरदार माणसे निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात त्या वयात, ताराबाईंनी पुन्हा एकदा स्थिरावलेले काम सोडले.

बोर्डी

१९४५ च्या अखेरीस बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे डहाणूच्या उत्तरेला, घोलवड स्थानकाजवळचे समुद्रकाठचे गाव. चिकूच्या वाड्या, ताडामाडांची दाटी आणि मैलोगणती सपाट पुळण असा तो परिसर आहे. आचार्य शंकरराव भिसे यांच्यामुळे तेथे शाळेची व समाजसेवेची परंपरा आधीपासून होती. त्यामुळे केंद्राला गावात पाय ठेवायला जागा मिळाली.

याच वर्षी बोरिवली येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ (१९१०–१९९२) भेटल्या. अनुताई बालविधवा होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आल्यावर त्यांनी शिक्षण घेऊन शिक्षिकेची नोकरी धरली होती व पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांची बरीच वर्षे सेवा झाली होती. तीही पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. ताराबाई आखणी करणाऱ्या, लिहिणाऱ्या, सरकारदरबारी बोलणाऱ्या, तर अनुताई रोजच्या कामाचा गाडा ओढणाऱ्या, अशी कामाची वाटणी स्थूलमानाने सांगता येते. प्रत्यक्षात दोघींनी दोन्ही कामे केली.

बोर्डीतील पहिला अनुभव निराशाजनक होता. मध्यवर्ती बालवाडीत येणारी मुले मुख्यतः सुस्थितीतील घरांची असत. हरिजनवाड्यातील व आदिवासी पाड्यांतील मुले येत नसत, आणली तरी टिकत नसत. मुले येत नाहीत, त्यांच्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा ठपका ठेवून शिक्षकाला मोकळे होता येते, आणि आजही अनेक जण तसे होतात. ताराबाईंनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे ठरले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, झाडाच्या सावलीत, मुलांच्या व आयांच्या सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी. महागड्या साधनांची जागा शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या, माती व ताडाच्या झावळ्यांनी घेतली. रंग, आकार, वजन व स्पर्श यांची ओळख समुद्रकाठच्या शिंपल्यांतूनही तितकीच चांगली होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

अंगणवाडीचा आरंभ मात्र शिंपल्यांनी होत नसे. आधी मुलांना गोळा करायचे, हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, खरजेवर औषध लावायचे, आणि मग गाणे किंवा गोष्ट. अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला शिकवणे म्हणत नाहीत असेच बरेचसे काम शिक्षिकेच्या वाट्याला येई. गावातील सवर्णांची नाराजी व वस्तीतील लोकांचा सुरुवातीचा अविश्वास या दोन्ही बाजूंना एकाच वेळी तोंड द्यावे लागे ते वेगळेच.

१९४६ मध्ये ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य झाल्या. खेड्यातील बालशिक्षणाचा विषय शासनापुढे मांडण्यास त्याचा उपयोग झाला, पण कामाच्या व्यापात भरही पडली.

कोसबाद

बोर्डीत समुद्रकाठच्या गावाचा आधार होता. आदिवासींपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचायचे तर त्यांच्यातच जाऊन राहिले पाहिजे, या विचाराने १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर हलवण्यात आले. घोलवड व डहाणू यांच्यामधल्या या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषिसंस्था होती. भोवती वारल्यांचे पाडे विखुरलेले होते.

डहाणू-तलासरीचा हा मुलूख तेव्हा नुकताच एका मोठ्या उलथापालथीतून गेला होता. सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात येथील आदिवासींच्या वेठबिगारीचे वर्णन आले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये, म्हणजे बोर्डीचे केंद्र सुरू होण्याच्या काही महिने आधी, आता तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. ऑक्टोबरमध्ये तलवाडे येथे पोलिसांच्या गोळीबारात वारली मारले गेले. दोन्ही कामांचे मार्ग अगदी वेगळे होते. परंतु वेठीला जुंपलेल्या बापाचे मूल बालवाडीत येणे अशक्यप्राय होते, हे लक्षात घेतले तर अंगणवाडीला लागणारी भूमी काही अंशी त्या लढ्याने मोकळी केली असे म्हणावे लागते.

वेठ संपली तरी दारिद्र्य संपले नव्हते. कोसबादच्या परिसरात सहा-सात वर्षांचे मूल हे घरातले कामकरी माणूसच असे. मुलगे गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन सांभाळीत. आईबाप गवतकापणीला, लाकूडतोडीला किंवा वाडीवर मजुरीला गेलेले असत. शाळेची घंटा आणि या घरांचे घड्याळ यांचा मेळ बसत नव्हता. यावर कोसबादला तीन-चार वाटा काढण्यात आल्या. गुराख्यांसाठी गुरे चरतात त्या माळावरच शिक्षक जाऊ लागला, त्या शाळेला कुरणशाळा असे अन्वर्थक नाव मिळाले. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरत. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आली. थोरली बहीण चौथीत, मधले भावंड बालवाडीत व धाकटे पाळण्यात, अशी सारी भावंडे एकाच वेळी शाळेत येऊ शकत. या रचनेला विकासवाडी म्हणत. तिच्यातील कल्पकता कागदावर साधी वाटते. गरीब मुलगी शाळेत का येत नाही, याचे उत्तर तिच्या कडेवरच असते, हे आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागले.

कामाचा ताण आणि कामातील समाधान

ताराबाईंच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९७४ मध्ये, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये दिसणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. अत्यंत तळमळीने काम करणारी माणसेच काही काळाने आतून विझतात, थकतात, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी कोरडी होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे क्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी तुटकपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, शिक्षक व समाजकार्यकर्ते यांच्या कामाच्या ताणाचे मापन आजही बहुधा याच चौकटीत केले जाते.

बोर्डी-कोसबादच्या कामात ही अवस्था ओढवण्याची सर्व कारणे हजर होती. मुलांची संख्या व गरजा अमर्याद, पैसा अपुरा आणि अनुदानाच्या कागदावर अवलंबून, परिणाम दिसण्यास पिढी लागणारी. पावसाळ्यात पाड्यांचा संपर्क तुटे. रुळलेले मूल आईबापांच्या मजुरीपाठोपाठ निघून जाई आणि महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाचे काय झाले हे कळतही नसे. घर आणि कामाची जागा एकच असल्याने दिवस संपण्याची अशी वेळच नव्हती. अशा कामाला उदात्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याग या शब्दाने शिक्षिकेचे कष्ट झाकले जातात आणि तिला काय दिले पाहिजे हा प्रश्न मागे पडतो.

तरीही ताराबाई टिकल्या, त्याची काही कारणे त्यांच्या कार्यपद्धतीत सापडतात. काम कसे करायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्यांनी नेहमी आपल्या हाती ठेवले. राजकोटला सर्व सोयी होत्या, हे स्वातंत्र्य नव्हते. कोसबादला सोयी नव्हत्या, पण एक पद्धत फसली तर दुसऱ्या दिवशी दुसरी करून पाहण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. अपयशाकडे पाहण्याची त्यांची रीत अभ्यासकाची होती. मूल पळून गेले तर तो शिक्षिकेचा अपमान ठरत नसे, टिपून ठेवण्याजोगे निरीक्षण ठरे. शिक्षणपत्रिकेतील लेखनामुळे दिवसभराच्या विस्कळीत धडपडीला अर्थ व आकार मिळत असावा. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. अठ्ठावीस वर्षे बरोबर राहिलेली, त्याच कामात मुरलेली व स्पष्ट बोलू शकणारी सहकारी मिळणे हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते. अनुताईंनी कामाचा डोंगर उपसत असतानाच पन्नाशीच्या घरात बी. ए. ची पदवी मिळवली. थकलेल्या, विझलेल्या संस्थेत असे घडत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हे समाधान संस्थेच्या धुरीणांना जेवढे मिळाले तेवढे तिच्यातील प्रत्येक कार्यकर्तीला मिळणे शक्य नव्हते. प्रयोग आखणारीला प्रयोगाचा आनंद मिळतो, तो रोज राबवणारीला मुख्यतः श्रम पडतात. ही दरी ताराबाईंच्या हयातीत लहान होती, कारण आखणाऱ्या व राबवणाऱ्या एकाच टेकडीवर राहत होत्या.

अंगणवाडीचा प्रसार

ताराबाईंच्या निधनानंतर केंद्राची धुरा अनुताईंनी वाहिली व १९९२ मध्ये कोसबाद येथेच त्यांचे निधन झाले. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनात या कामाची हकिगत आली आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक पोषण, लसीकरण व आरोग्यतपासणी यांची जोड मिळून तिचा व्याप देशभर पसरला. नाव राहिले, रचना बदलली. अंगणवाडी सेविकेला वेतनाऐवजी मानधन मिळते. आहारवाटप, वजनमापे, सर्वेक्षणे व नोंदवह्या यांत तिचा बराच वेळ जातो आणि गाणी-गोष्टींसाठी थोडा उरतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी दीर्घ संप केला. डहाणू व तलासरी हे आजही कुपोषणाच्या प्रश्नामुळे चर्चेत येणारे तालुके असून तेथील पाड्यांवर काम करणाऱ्या सेविकेला ताराबाईंच्या काळातील बहुतेक अडचणींना तोंड द्यावे लागते. पद्धत बदलून पाहण्याचे स्वातंत्र्य मात्र तिच्यापाशी नसते.

लेखन

ताराबाईंनी मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत लिहिले. ‘बालविकास व शिस्त’, ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’ ही त्यांची पालक व शिक्षकांसाठीची पुस्तके असून ‘नदीची गोष्ट’, ‘सवाई विक्रम’ ही मुलांसाठीची आहेत. त्यांची भाषा सोपी, घरगुती व उपदेशाचा सूर शक्यतो टाळणारी आहे. मूल हट्ट करते तेव्हा चूक बहुधा मोठ्यांची असते, हा विचार त्यांच्या बालशिक्षणविषयक लेखनात वारंवार येतो.